भडका आणि पीटीच्या बाई

"ह्याला तुम्ही दंड म्हणता?" इरावतीबाईंनी मोबाइल उंच धरून सगळ्या पोरांना दाखवला. "ह्यापेक्षा माझ्या घरातला दुधी बरा. त्याची निदान भाजी होते."

सोसायटीच्या कंपाउंडमध्ये खुर्च्या टाकून बसलेले आईबाप खदखदून हसले. पोरं हसली नाहीत. मोबाइलमध्ये प्रीतम होता. अंधेरीचा प्रीतम, ज्याच्या अंगावर शर्ट टिकत नाही आणि ज्याच्या हातातून भडका नावाच्या एनर्जी ड्रिंकचा कॅन सुटत नाही. एक घोट घेतो, ट्रकचा टायर उचलतो आणि बोंबलतो, "भडकलो रे!" तेवढ्यावर मुलुंडची अर्धी पोरं भडकली होती. पाण्याची बाटली भर म्हटलं तर कंबर धरणारीसुद्धा.

उत्तरा पहिल्या रांगेत होती. कार्यक्रम तिनेच जमवला होता. तिचा निहार दहावीत, टीमचा विकेटकीपर. भडका प्यायला लागल्यापासून पोरगं घुबडासारखं जागं. हात थरथरायचे, सोपे कॅच सुटायचे. मागे एकदा मैदानातच छाती धरून खाली बसला. डॉक्टर म्हणाले, आधी हे बंद करा, मग बाकीचं बोलू. उत्तराने समजावलं, ओरडून झालं, रडून झालं. शेवटी कोणीतरी म्हणालं, इरावतीबाईंना बोलव.

बाई पीटी शिकवायच्या. आता रिटायर. त्यांनी शिट्टी मारली की मैदानावरचे कावळेसुद्धा रांगेत उडायचे. उत्तराच्या नवऱ्याचं पोट आजही त्यांना बघून आपोआप आत जातं. मात्र बाई आपणहून कुठे जात नाहीत. कुणाच्यातरी आईने घरी येऊन मानाने बोलवायचं. पैसे घेत नाहीत. एक नारळ, रिक्षाचं भाडं, बास.

बाईंनी पिशवीतून भडक्याचा कॅन काढला. मे महिन्याचं ऊन, आणि कॅनवर गार पाण्याचे थेंब. बाईंनी तो माइकजवळ नेऊन फोडला. फस्स! कैरीचा आंबटगोड वास थेट मागच्या रांगेपर्यंत गेला.

"हा कैरीवाला. नवीन काढलाय. बघा नीट," बाई म्हणाल्या. "हे प्यायला वाघाचं काळीज लागतं. तुम्ही सगळे शेंबडे. आईला विचारून मुतायला जाणारे. तुम्ही आपलं कोमट दूध प्या."

"बाई, तुम्ही कधी पिऊन बघितलंय?" मागून अनय ओरडला. निहारचा दोस्त, तोंडाने जरा सुटलेला.

"माझी छाती आहे रे तेवढी. तुझी आहे का?"

अनय लालबुंद झाला. बाईंनी कॅन उलटा केला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गटारात ओतला. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. निहारने आवंढा गिळला. उत्तराला बरं वाटलं. पोरगं एकदाचं घाबरलं.

आठवडाभरात निहारच्या खोलीतले रिकामे कॅन गायब झाले. पलंगाखाली नाहीत, कचऱ्यात नाहीत. झोप अजून लागत नव्हती, पण सवय सुटताना असं होणारच, असं उत्तराने स्वतःला सांगितलं. अनयची आई तर रडायलाच आली. "अगं, माझा पण सुटला! घरात एक कॅन दिसत नाही. बाई आहेत का देवी?"

खाली हितेशच्या दुकानात उत्तरा मुद्दाम डोकावली. फ्रिजचा तो लाल कप्पा पार रिकामा.

"काय हितेशभाई, भडका दिसत नाही?"

"नाही ना ताई. एक पण नाही."

"बाईंना टरकलास ना?"

"बाईंची कृपा आहे सगळी," हितेश म्हणाला आणि देवाच्या फोटोकडे बघून त्याने हात जोडले.

उत्तराला मग चेव चढला. तिने भांडुपच्या मावशीला फोन केला, मग नाहूरच्या भिशीला, मग ट्यूशनच्या आयांना. बाई कुठे बोलल्या की तिथून उत्तराला मेसेज यायचे, "जादू झाली!" त्या प्रीतमचं नाव निघालं की उत्तरा नाक मुरडून म्हणायची, "बस म्हणावं आता टायर चाटत."

बोरिवलीच्या नणंदेने आपणहून विचारलं तेव्हा तर उत्तरा फुलून गेली. नारळ घेतला, मोगऱ्याचा गजरा घेतला आणि रिक्षा करून नाहूरला बाईंच्या टॉवरमध्ये गेली. लिफ्टमध्ये मनातल्या मनात भाषण जुळवलं. बाई, तुम्ही माझा मुलगा परत दिलात.

बाईंचं दार वाऱ्यासाठी अर्धवट उघडं होतं. बाहेर होडीएवढे पांढरे शूज. उत्तराने बेलकडे हात नेला आणि आतून आवाज आला. तो आवाज तिने घरात दिवसरात्र ऐकला होता. फक्त आज तो बोंबलत नव्हता, फार अदबीने बोलत होता.

"बाई, पाया पडू द्या. मी वर्षभर टायर उचलून मुलुंडमध्ये जेवढा भडका खपवला नाही, तेवढा तुम्ही शिव्या घालून दोन महिन्यांत खपवलात. कंपनीवाले विचारतायत, बोरिवलीचं कधी? तिकडून अजून कोणी बोलवायला आलं नाही."

"येईल रे," इरावतीबाई म्हणाल्या. "उत्तरा आणते."