निरोपाचं कडवं

शेवटच्या गाण्याचा सूर विरला तशी वेणूने रेकॉर्डिंग बंद केलं आणि गिटार मांडीवरून उतरवली. "झाला अल्बम," ती म्हणाली. बंद पडलेल्या कापूस जिनिंग कारखान्याच्या त्या गोदामात आवाज घुमायचा, म्हणूनच तिने ही जागा धरली होती. सगळी गाणी घाटात मेलेल्या माणसांची, आणि हे शेवटचं तिच्या नवऱ्याचं, ट्रकसकट दरीत गेलेल्या यशवंताचं.

संबळ वाजवणारे तुळशीरामकाका मात्र जागचे हलेनात. "गोंधळात देवाला नाव घेऊन बोलवतात, तसं तू त्याला बोलावलंस. निरोपाचं कडवं कुठं गेलं?"

"काढलं. गाणं अर्धवट सुटलं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. लोकांना तेच आवडतं."

"लोकांचं राहू दे. आमच्या घराण्यात बोलावून तसंच कुणी सोडलं नाही. म्हण, मी वाजवतो."

वेणूने गिटार पुन्हा घेतली. 'जा रे आता आपल्या वाटेनं' ही ओळ ओठापर्यंत आली आणि तिथेच अडकली. लोकांचं कारण खोटं होतं, हे तिचं तिलाच उमगलं.

"काका, इतक्या दिवसांनी हाक मारली मी त्याला. लगेच जा कसं म्हणू?"

काकांनी बाजूचं फडकं ओढून घेतलं. बाहेर अंधारून आलं होतं. हमरस्ता सोडून एक जड गाडी गोदामाच्या कच्च्या वाटेला वळली होती, तिची घरघर जवळ येत होती.

"नको म्हणूस मग," संबळ फडक्यात बांधत ते म्हणाले. "पण दार तूच उघड."