आधी चाखायचं कोणी
कापडे गावच्या चंद्राबाईला नातीच्या वागण्यात काळंबेरं दिसत होतं. मुंबईच्या प्रयोगशाळेत औषधं बनवणारी सुगंधा सुट्टीला आल्यापासून एक कुपी लपवत होती. म्हातारीने हेरलीच. "यात काय हाय गो?" "संधिवाताचं औषध. रक्तातल्या पांढऱ्या पेशी शिरेच्या भिंतीला चिकटतात, तिथून सांध्यात घुसून सूज आणतात. हे त्यांना चिकटू देत नाही." "माझ्या वाकड्या बोटांवर चालवून बघणार होतीस ना? आपल्याकडं झाडपाला देणारा आधी स्वतः चाखतो. तू चाखलंस?" सुगंधाने चहाचा पेला दोन्ही तळव्यांत दाबून उचलला, बोटं न वाकवता. चंद्राबाईही तसाच उचलायची. म्हातारीने नातीची बोटं धरून पाहिली. "तुलापण वातानं धरलंय? स्वतःसाठी आणलंस?" "अजून कुणा माणसाला दिलेलं नाही, आजी. फक्त उंदरांना." चंद्राबाईने कुपी कनवटीला खोचली. "मग आता म्हाताऱ्या उंदराची पाळी. तू माझ्यामागून."