फी म्हणून छप्पर

सावळ्या कोर्टात पोर ठरला आणि कल्याणच्या मोठ्या जेलातून सुटून बालन्याय मंडळापुढे गेला. बरं, हे काही झालेलंच नाही असं धरून चला. कारण त्या सकाळी त्याची आई काशी शहापूरच्या कोर्टाच्या पायरीवर बसली होती आणि तिला वकील मिळत नव्हता.

केस मुरबाडला होती, पण मुरबाड तिनं आधीच पालथं घातलं होतं. तिथला प्रत्येक वकील केस ऐकायचा, मग फिर्यादीचं नाव ऐकायचा आणि त्याला एकदम दुसरीकडची तारीख आठवायची. फिर्यादी होता तिचा मालक सुरेंद्रदादा. गेल्याच महिन्यात त्यानं मुलीच्या, मनस्वीच्या, लग्नाचा बार उडवला, तेव्हा मुरबाडचे झाडून सगळे वकील मांडवात जेवले होते. त्यांची ताटं काशीनंच घासली होती. चेहरे ओळखीचे का वाटतात हे तिला तिसऱ्या वकिलाकडे गेल्यावर उमगलं.

गुन्हा बैलाचा होता. सुरेंद्रदादानं म्हसा गावच्या जत्रेतून आणलेला बैल एका सकाळी काशीच्या झोपडीपुढे रवंथ करत उभा सापडला. त्याला चारा-पाणी सावळ्या करायचा, म्हणून दावं तोडून बैल आपल्या पायांनी त्याच्याकडे आला होता. पण बैलाची साक्ष घेत नाहीत. पोलिसांनी सावळ्याला धरलं आणि वय सुरेंद्रदादाला विचारलं. तो म्हणाला, पुरा अठरा. झालं. सावळ्या मोठ्या माणसांच्या जेलात गेला. रात्री तिथे त्याच्या शेजारी कोण झोपतं, हे काशीला कोणी सांगत नव्हतं.

"वकील कोणासाठी?" शहापूरच्या कारकुनानं विचारलं.

"पोरासाठी."

"वय किती?"

"तेच तर वकिलानं सांगायचा हाय."

कारकुनानं तिला फुकट कायदेशीर मदतीच्या खोलीत धाडलं. तिथून वाशिंदच्या निर्मला वकील मिळाल्या. त्यांचा कोट धुवायला गेला होता, त्यामुळे काशीला त्या वकील वाटेचनात.

दोन दिवसांनी त्या वाडीवर आल्या. वाडीत सगळ्या छपरांवर फ्लेक्स होते. निवडणूक झाली की पोरं ते उतरवून आणत, त्यामुळे अख्खी वाडी आजी-माजी पुढाऱ्यांच्या छत्रछायेखाली झोपायची. काशीच्या डोक्यावर मात्र मनस्वी होती. मुलीच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उतरला की सुरेंद्रदादा तो गड्यांना देऊन टाकायचा. धुरानं काळवंडलेली मनस्वी उलटी होऊन चुलीकडे बघून हसत होती.

"सावळ्या जन्मला कधी?" निर्मला वकिलांनी विचारलं.

"लय पाऊस व्हता. वढा झोपडीत शिरला."

"साल?"

"साल कोन बगतंय, बाय. आमी पानी बगत व्हतू."

"शाळेचा दाखला?"

"शाळा भरायची तवा आमी वीटभट्टीवर."

"हाडांची तपासणी मागता येईल. पण हाडं वर्ष-दोन वर्षं इकडं-तिकडं बोलतात. कोणी माणूस आहे सांगणारं?"

"धोंडीबाई सुईण व्हती. ती मेली. आता एकच, सुरेंद्रदादा. मनस्वी त्याच रातची. तिच्या आयशीला दूद नव्हता, दोगांना मीच पाजला."

"म्हणजे ज्यानं केस केली, तोच साक्षीदार."

"व्हय."

निर्मला वकील बराच वेळ वर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "काशीताई, हे छप्पर मला द्याल?"

काशीनं दिलं. वकील फुकट आहे असं खोलीत सांगितलं होतं, तरी बाई जाताना छप्पर काढून नेतात, याचं तिला फार नवल वाटलं नाही. आजवर फुकट मिळालेल्या प्रत्येक गोष्टीला असंच काही ना काही लागलं होतं.

मुरबाडच्या कोर्टात सावळ्याला दोन पोलिसांच्या मधे उभा केला. तो वाळला होता. आईला बघून म्हणाला, "आये, बैलाला पानी घालतंय का कोन?"

"गप रे," काशी म्हणाली.

सुरेंद्रदादा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत पिंजऱ्यात उभा राहिला. निर्मला वकिलांनी त्याला फार गोडीनं विचारायला घेतलं. या बाईनंही मांडवात जेवण केलं की काय, काशी आठवू लागली.

"दादा, पोराचं वय तुम्हाला कसं ठाऊक?"

"अहो, आमची मनस्वी नि हा एका रातचे. हिनंच पाजलंय दोघांना. गाव सांगेल."

"एका रातचे. पक्कं?"

"शपथेवर सांगतो ना. नि मनस्वीचं लगीन लावलंय मी. अठरा पुरी झाल्याबगर लावीन का? मग हा कुठला पोर?"

कोर्टात मागे कोणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मान हलवून लिहून घ्यायला सांगितलं. काशीनं डोळे मिटले. पोरगा गेला, छप्परही गेलं.

"माझे प्रश्न संपले," निर्मला वकील म्हणाल्या. "एक वस्तू दाखवायची आहे."

त्यांनी काखेतली गुंडाळी सोडली. धुराचा वास कोर्टभर पसरला. दोन शिपायांनी दोन टोकं धरली, आणि काशीचं छप्पर उभं राहून, गेल्या श्रावणातल्या तारखेसकट, मोठ्या लाल अक्षरांत बोलू लागलं: 'आमच्या लाडक्या मनस्वीताईंना सोळाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छुक : सुरेंद्रदादा मित्रमंडळ.'

सुरेंद्रदादानं ते वाचलं, मांडवात जेवलेल्या वकिलांकडे एकेक करून बघितलं, एकालाही मान वर करता येईना तेव्हा हात जोडले आणि म्हणाला, "सबब मेहेरबान कोर्टास नम्र विनंती की, आरोपीचं वय सोळाच धरावं, केस मागे घेतो, त्याच रात्री जन्मलेल्या माझ्या मुलीचं वय मात्र मांडवापुरतं अठरा धरण्यात यावं."