पट्टकादंबानं पाहिलेला हिमालय

गोदावरीकाठच्या अभयारण्यात वनरक्षक गांगुर्ड्यांनी नुकत्याच उतरलेल्या पट्टकादंबाच्या डोक्याला आठवणी वाचणारी पट्टी अलगद लावली. हिमालय ओलांडताना त्या पक्ष्यानं पाहिलेलं सगळं पडद्यावर दिसू लागलं. ऋजुता पुढे सरकली. तिचा गिर्यारोहक भाऊ तिथल्याच एका डोंगरावर बेपत्ता झाला होता.

बर्फ, कडे, पुन्हा बर्फ. पक्ष्याला जग असं दिसतं तर, असं क्षणभर तिच्या मनात आलंच.

"थांबा काका! तो लाल ठिपका कसला?"

गांगुर्ड्यांनी चित्र मोठं केलं. लाल जॅकेटमधला माणूस वरून जाणाऱ्या थव्याला हात करत होता. दादा लहानपणापासून पक्ष्यांना असाच हात करायचा.

"हे कधीचं?"

"परवाचं, ताई. त्याच डोंगराच्या उत्तर उतारावरचं."

तिनं शोधपथकाला फोन लावला. "डोंगराच्या उत्तरेला शोधा. तो जिवंत आहे."