पहिला हात

दुपारच्या निवांत घरात रंगाची बाटली हलवताना रंग ढवळायला आत टाकलेला छर्रा खुळखुळला आणि अबोली जागी झाली. नूतनचा चोरलेला तास तिथंच संपला. पहिलीतली लेक डोळे चोळत टेबलाला येऊन चिकटली. समोर मामाच्या पटावरच्या खेळातली अंगठ्याएवढी जादूगारीण बाहुली उभी होती, नखशिखांत काळी.

"इले काळी काहून केली वं, आई?"

"रंगाचा पहिला हात काळाच द्या लागते, बेटा. मंगच रूप वर येते. पाह्य आता."

नूतननं ब्रश फिक्या रंगात बुडवून फडक्याला पुसला आणि जवळजवळ कोरडाच वरून फिरवला. काळोखातून झग्याच्या चुण्या उठल्या, बोटं उमटली, चिन्नोर तांदळाच्या दाण्याएवढ्या तोंडावर नाक, गाल, ओठ आले. इतक्या बाहुल्या रंगवूनही नूतन नव्यानं हरखली.

"अरे बाप रे, ये तो जिंदा हो गई!" अबोली कुजबुजली. मग आपला सावळा हात तिनं ब्रशखाली धरला. चेहरा आनंदानं नुसता फुलला होता.

"शाळेत सारे मले काली म्हणतेत. त्याइले मालूमच नाही, मी अजून पुरी व्हायची आहो. आई, माह्ये बाकीचे रंग कधी लावशीन?"