खोबरेल

चर्चहून परतताना उतारावर दोन्ही ब्रेक दाबले तरी मोटरसायकल थांबेना, आणि मी सरळ शेजाऱ्याच्या डुकरांच्या चिखलात. शी! तोंडातसुद्धा गेला. शनिवारीच तर ती चुलतभावाकडून, तामातोआदादाकडून दुरुस्त करून आणली होती. अख्ख्या रारोटोंगा बेटावर आमच्या घराण्याच्या गाड्या फक्त त्यानेच उघडायच्या, असा त्याचा हुकूम. “त्या इओआने मेकॅनिकच्या दारात पाऊल टाकायचं नाही. रविवारीही हातात पाना धरतो, पापी!” मी चिखलासकट गाडी ढकलत त्या पाप्याकडेच गेले. त्याने चाक उघडलं, ब्रेकच्या लायनरला नाक लावलं आणि तोंड वाकडं केलं. “मावशी, हे लायनर आहेत की तळलेली केळी? खोबरेल कुणी ओतलं यात?” “आमच्या दादाने. कर्कश आवाज थांबला म्हणून वर देवाचे आभार मानले मेल्याने!” “लायनर झिजले होते म्हणून ओरडत होते. तेल पाजल्यावर चाक पकडणार काय, डोंबल?” तोंडातला चिखल धुवायला त्याच्या शेडमागे गेले, तर झावळ्यांखाली दादाची लाल मोटरसायकल उभी, कुणी ओळखू नये म्हणून वर गोणपाट टाकलेलं. हँडलला वहिनीची विणलेली पांढरी टोपी. सकाळी चर्चमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर डोलत होती ती. “ही इथे कशी?” मी ओरडले. इओआने नवे लायनर उचलत शांतपणे म्हणाला, “दर रविवारी चर्च सुटलं की तुमचा दादाच मागच्या वाटेने दुरुस्तीला आणून ठेवतो. स्वतःच्या गाडीला खोबरेल चालत नाही त्याला.”