यतीन सरांची केस स्टडी

"दामू कुठंय?" हरिदासकाकांनी पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं.

"लायब्ररीत," यतीन म्हणाला आणि त्याने मनातल्या मनात स्वतःच्या मुस्काटात मारून घेतली. दामू त्या वेळी गुरुग्रामला एका कंपनीत बसला होता. यूपीएससीला त्याने कधीच रामराम ठोकला होता. "मी स्वतः सांगेपर्यंत बाबांना कळू देऊ नकोस," असं वचन त्याने यतीनकडून, आपल्या रूम पार्टनरकडून, घेतलं होतं.

काका, म्हणजे दामूचे बाबा, जिंतूरहून थेट करोल बागेतल्या या खोलीवर आले होते. दामूसाठी धपाटे आणि यतीनच्या आईने दिलेले शेंगदाण्याचे लाडू. दिल्लीला कुणी निघालं की गल्लीतले सगळे डबे घेऊन त्याच्या दारात हजर, हे ठरलेलंच.

"अभ्यास करतो ना रे तो? खरं सांग. पोराचं काय चाललंय ते बापाला कळायला नको?"

झाली का पंचाईत! यतीन क्लासमध्ये नीतिशास्त्र शिकवायचा. त्या पेपरात स्वतः तीनदा आपटल्यामुळे क्लासवाल्यांनी त्याला अनुभवी ठरवलं होतं. दोन हक्क आमनेसामने आले तर काय करायचं, याचा निकाल त्याने सकाळीच फळ्यावर लावला होता. तेच यतीन सर आता चहा उतू जाईपर्यंत गॅससमोर नुसते उभे राहिले. विश्वासाने सांगितलेलं पोटात ठेवावं, हा मित्राचा हक्क. आणि रात्रभर गाडीत बसून आलेल्या या माणसाचा? काकांच्या सुजलेल्या पायांकडे बघून त्याला भडभडून आलं.

"काका, दामूने अभ्यास सोडला. नोकरी करतो. सांगणार नव्हतो, पण बापाचा हक्क वचनापेक्षा मोठा." वाक्य इतकं झकास जमलं, की ते उद्या वर्गात वापरायचं हेही त्याने ठरवून टाकलं.

काकांनी चहाचा घोट घेतला.

"माहितंय. दामूने परवाच फोनवर सांगितलं. तुझंही सांगितलं. यंदा तू परीक्षेला बसलाच नाहीस, नुसता शिकवतोस. कुणाला बोलू नका म्हणाला, मी हो म्हणून बसलो. आणि काल डबा देताना तुझ्या बाबांनी माझा हात धरून विचारलं, 'आमचा यतीन अभ्यास करतो ना, ते बघून या.' गाडीत डोळ्याला डोळा लागला नाही रे. म्हटलं, अशा पेचात तू काय करतोस ते बघावं. बरं झालं, तूच कोडं सोडवलंस."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि यतीनच्या बाबांचा नंबर लावला.

"अहो काका, थांबा, थांबा!" यतीन सर ओरडले. "दिलेल्या वचनाला काही किंमत असते की नाही?"